पडलेली बारा माणसं

निर्मलाचं घर विवळवेढ्याजवळच्या आदिवासी पाड्यावर. सहा वर्षं तिनं फुग्याच्या कारखान्यात काढली, आणि मग कविता नावाच्या मैत्रिणीच्या ओळखीनं ती सरावलीला प्रितेशच्या खोलीवर लागली. प्रितेश नरपडचा. घरची चिकूची वाडी भावाकडे सोपवून त्यानं हा वेगळाच धंदा धरला होता. परदेशातले हौशी लोक मोठ्या टेबलावर नकली डोंगर-नद्या मांडून जुन्या लढाया फासे टाकून खेळतात. त्यांना लागणारे अंगठ्याएवढे धातूचे सैनिक या खोलीत रंगवून जातात.

निर्मलानं हे काम चार महिन्यांत उचललं. डोळ्यांवर भिंग चढवून ती शिपायाच्या कोटाला बटणं काढायची, एकेक ठिपका, श्वास रोखून. ओल्या कागदावर रंग ठेवला की तो दिवसभर वाळत नाही, पातळ काळा रंग सोडला की कपड्याच्या चुण्या उठून दिसतात, हे सगळं ती कविताकडून शिकली. पण समुद्राच्या दमट हवेत फवाऱ्याचं वॉर्निश पांढुरकं पडतं, म्हणून ते ब्रशनंच लावायचं, हे शोधून काढलं तिनं. चार वर्षांत तिच्या हाताखालून फ्रेंच गेले, रशियन गेले, तुर्क गेले.

गेल्या फेब्रुवारीत एक खोकं आलं. वर लाल कोटवाले, इंग्रजांच्या कंपनीचे शिपाई होते. त्यांच्याखालच्या थरातली माणसं तिनं टेबलावर ओतली आणि बघत बसली. उघडी छाती, कमरेला लंगोटी, हातात तीरकामठा. एकानं कमरेला मागे कोयता खोचलेला. एक बाई, पाठीशी पोर बांधलेली. तळाशी वेगळी पिशवी होती, तिच्यात बारा माणसं आडवी. त्यांतला एक म्हातारा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. निर्मलाचा आजा दुपारी ओट्यावर असाच निजायचा.

सोबतचा कागद प्रितेशनं वाचून दाखवला. शिपायांबद्दल पाच पानं होती. कुठलं बटण पितळी, कुठलं चांदीचं, तेसुद्धा लिहिलेलं. खालच्यांबद्दल तीन ओळी. रानटी टोळी. सगळ्यांचं अंग एकाच तपकिरी रंगाचं. डोळे काढायची गरज नाही.

"हे कुठले लोक?" निर्मलानं विचारलं.

प्रितेशनं कागद उलटून पाहिला. "डोंगरातले, एवढंच दिलंय."

तिनं ब्रश उचलला आणि परत ठेवला. कवितानं पाणी आणून दिलं. निर्मलाला राग आला नव्हता, रडूही येत नव्हतं. कुणी अचानक ढकलून द्यावं तसं तिला झालं होतं. अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून, प्रितेशला सांगून, तो म्हातारा तिनं रुमालात बांधून घरी नेला.

तिचा बाप तुक्या दारात टोपली विणत बसला होता. तिनं तो धातूचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. तो हसेल किंवा शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं. त्यानं तो उजेडाकडे धरला, उलटा केला, पाठीवर नख फिरवलं. तिथं बारीकसं भोक होतं. तिनं ते पाहिलंच नव्हतं.

"पाठीत मारलाय याला," तो म्हणाला. "पळत होता."

इतकी वर्षं निर्मलानं बंदुका रंगवल्या, संगिनींना चंदेरी रंग दिला. त्या गोळ्या कुठं जातात हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. याच्याशी कोण खेळतं, असं तुक्यानं विचारलं. मोठी माणसं, ती म्हणाली. त्यानं म्हातारा पुन्हा रुमालात गुंडाळून तिच्या हाती दिला आणि टोपली बाजूला सारून आत गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रितेशला सांगितलं की ही माणसं मीच रंगवणार, पण कागदाप्रमाणे नाही. गिऱ्हाईक माल परत पाठवेल, अशी त्याला धास्ती होती. तरी तो नाही म्हणाला नाही. तीन आठवडे ती त्याच कामावर होती. तपकिरी रंग तिनं सात प्रकारचे कालवले. वीटभट्टीवर जाणारा तिचा भाऊ उमेश जसा उन्हानं काळवंडला होता, तसा एकाला केला. पोर बांधलेल्या बाईला तुळशीमावशीचं हिरवं लुगडं दिलं. साऱ्यांना डोळे काढले. आडव्या बारांना मिटलेल्या पापण्यांची रेघ.

माल परत आला नाही. महिन्यानं फोटो आला. टेबलावर डोंगर, निळी नदी, बंदुकांपुढे कापसाचा धूर. नदीच्या काठी ती बारा माणसं विखरून ठेवली होती, आणि हिरव्या लुगड्याची बाईही त्यांच्यातच आडवी केलेली. निर्मलानं एकेकाला ओळखलं. सोबतचं पत्र प्रितेशनं अडखळत वाचलं. गिऱ्हाईक फार खूश होतं. इतकं सुंदर काम त्यानं पाहिलं नव्हतं. या लढाईला पडलेले कमी पडतात, आणखी तीस पाठवतोय, त्याच हातचे हवेत.

निर्मला उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. कविता पाठोपाठ आली, शेजारी टेकली.

ते तीस मी रंगवणार नाही, असं तिनं सांगितलं. दोन दिवस प्रितेश तिची समजूत घालत होता. शेवटी म्हणाला, "अगं, धातू आहे तो."

"प्रितेशभाई, त्या बाईच्या पाठीवरचं पोर तुम्ही रंगवलं असतं तर असं बोलला नसता."

त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. ते तीस त्यानं स्वतः नरपडला घरी रंगवले, एकाच तपकिरी रंगात, डोळ्यांशिवाय. निर्मलाला ते कळलं. आठवडाभर त्याच्या हातचा चहा तिनं घेतला नाही.

काम तिनं सोडलेलं नाही. सध्या तिच्या टेबलावर तुर्की घोडेस्वार आहेत. पडलेली माणसं मात्र ती रंगवत नाही, कुठल्याच सैन्याची. खोकं फोडलं की प्रितेश ती आधीच वेगळी काढून ठेवतो.