पोट कमी करायचं इंजेक्शन

ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं ‘हाय’ आलं. साखर मशीनच्या मोजमापापलीकडे गेली की असं दिसतं. सिस्टरने दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. पुन्हा तेच.

समोर सुनंदाताई. राहायला कल्याणजवळ मोहन्याला, डोंबिवलीत पॅकिंगच्या कामाला. एचआयव्हीसाठी बारा वर्षं ठाण्याला माझ्याकडे येत होत्या. डायबेटिस कधीच नव्हता. आता ओठ सुकलेले, श्वास जोरात.

“नवीन औषध काही चालू केलंत?”

“नाही मॅडम.”

लघवीत कीटोन निघाले, म्हणजे रक्तात आम्ल साठायला लागलेलं. ॲडमिट करून इन्सुलिन लावलं. साखर उतरेना. कारण हाती लागेना, म्हणून मी त्यांना पुन्हा नीट तपासलं. पोटावर सुयांच्या बारीक खुणा होत्या.

“ताई, हे काय?”

त्यांनी चादर पोटावर ओढली. “नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. माझं पोट हे असं. कंपनीत एकीने विचारलं, कितवा महिना. काय सांगू मी तिला?”

हातपाय काटकुळे, पोट मोठं. एचआयव्ही आणि त्यावरची काही जुनी औषधं यांनी चरबी अशी जागा बदलते. कल्याणच्या एका स्लिमिंग सेंटरने त्यांना ग्रोथ हॉर्मोन, म्हणजे शरीराच्या वाढीचं संप्रेरक, इंजेक्शनांतून दिलं होतं. त्याने पोटातली चरबी घटते, हे खरं. पण साखर चढू शकते. तपासण्या न करता ते द्यायचं नसतं.

“त्यांना आजार सांगितलात?”

“नाही.”

“आणि आपल्या एचआयव्हीच्या गोळ्या?”

“गोळ्यांनीच पोट सुटतं म्हणाले कोणीतरी. महिना झाला, बंद आहेत.”

गोळ्या सोडल्या की व्हायरस उसळतो, आणि कधीकधी त्याच गोळ्यांना मग दाद देत नाही.

इंजेक्शनं थांबवली, गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. दोन दिवसांत आम्ल गेलं, दीड महिन्यात इन्सुलिन सुटलं. पण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, वाढलेलं आलं. पुढची तपासणी तीन महिन्यांनी होती.

दरम्यान आमच्या हॉर्मोनतज्ज्ञ सरांना केस दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, “बारा वर्षांत त्यांचं पोट कधी तपासलंत?”

“व्हायरल लोड बघत होते, सर.”

तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट आला. व्हायरस सापडला नाही. मी तो दोनदा वाचला, मग ताईंना फोन केला.

पोट अजून आहे, थोडं उतरलंय. पेशंटला ज्याची लाज वाटते, ते रिपोर्टात येत नाही. आपणच विचारावं लागतं.