आबांची गिनती

आमच्या आबांना शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं, असं आई म्हणायची. आबा म्हणायचे, "येतंय, पण मोजायचं न्हाई." दोघांत खरं कोण बोलत होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील, मेंढपाळ. तलवाड्याच्या बाजूचं माळरान आणि उन्हाळ्यात गेवराईकडचा गोदाकाठ, एवढा त्यांचा मुलूख. मेंढरं आकड्यात मोजली की कळपाला दृष्ट लागते, हे आमच्या घरात पक्कं होतं. संध्याकाळी कळप जाळीच्या कुंपणात शिरताना आबा तोंडाशी उभे राहायचे आणि प्रत्येकीच्या पाठीवर हात टाकत पुटपुटायचे, "कानतुटी आली, काबरी आली, लंगडी आली, चोरटी आली." चोरटी म्हणजे लोकांच्या ज्वारीत तोंड घालणारी. ती नेहमी शेवटी यायची, पोट तट्ट फुगवून. मी विचारलं, "आकडा कावून न्हाई?" तर म्हणाले, "आकडा बराबर येतो आन् मेंढरू दुसऱ्याचं निघतं. मग?"

मी फौजेत गेलो ते काही देशभक्ती उसळली म्हणून नव्हे. मेंढरांमागं धावून पाय तयार झालेले. भरतीच्या शर्यतीत पुढं आलो आणि घेतलं. आबांनी एकच चौकशी केली. "जेवाया लई देतेत का?" मी हो म्हणालो. "मग जा." पुढं सुट्टीवर आलो की पहिल्या संध्याकाळी ते जाळीच्या तोंडाशी मला उभं करायचे आणि स्वतः बाजूला बसायचे. आमच्या घरात यापेक्षा मोठा मान नव्हता. पण तोंडातून शाब्बास म्हणून कधी निघालं नाही, आणि मला ते हवं होतं.

पायदळात उठल्यापासून झोपेपर्यंत गिनती. मी नाईक झालो, माझ्यासकट दहा जणांची तुकडी हाताखाली आली, तेव्हा घरची खोड उघडी पडली. साहेबांनी "किती?" म्हणून विचारलं की मी ओळीतून फिरत एकेकाच्या पाठीला हात लावायचो. घोरणारा आला, पत्र लिहिणारा आला, खोकणारा आला. विड्या सोडून वर्ष झालं तरी त्याचा खोकला काही सुटला नव्हता. साहेब कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, ही पलटण आहे, तुझ्या बापाचा कळप नाही. तुकडीतली पोरं मला मेंढका म्हणायची, आणि हे म्हणताना पाठ मात्र पुढं करायची.

मग लढाई लागली आणि आम्हाला डोंगरात नेलं. एका सकाळी दाट धुकं, वरून गोळीबार, आणि खाली हटायचा हुकूम आला. शेजारची तुकडीही त्याच घळीतून उतरत होती. धापा टाकत खडकाआड पोचलो. साहेबांनी स्वतः मोजलं. दहा. पुरे, चला, म्हणाले.

मी पाठी चाचपायला लागलो. थंडीमुळं सगळ्यांच्या तोंडावर माकडटोप्या, कोण कुठला ते कळेना. एक पाठ हाताला परकी लागली. टोपी वर केली तर शेजारच्या तुकडीतला जवान. स्फोटानं त्याच्या कानांना दडे बसलेले, कुणामागून आलो हेही त्याला ठाऊक नव्हतं. आमचा खोकणारा वरच राहिला होता.

साहेब नको म्हणायच्या आत मी उलटा पळालो. धुक्यात दिसेना काही, पण तो खोकला! एरवी आमची झोप मोडणारा, त्या दिवशी गोड वाटला. घोटा मोडून दोन दगडांमध्ये पडला होता. लंगडी मेंढी उचलतात तसा मानेवर आडवा टाकला आणि उतरलो. वाटेत तो मला मेंढका म्हणून शिव्या देत होता आणि रडत होता. मीही रडलो, लपवत नाही.

पुढच्या सुट्टीत ही गोष्ट घेऊन घरी आलो. गेवराईला एसटीतून उतरलो तेव्हा छाती जरा जास्तच पुढं होती. यावेळी शाब्बास चुकणार नाही, अशी खात्रीच होती. आबांनी भाकरी बाजूला ठेवून सगळं ऐकलं. खोकला ऐकू आला तिथं हसलेसुद्धा. मग म्हणाले, "आन् ते परकं? त्याच्या धन्याला सांगावा धाडला का न्हाई?"

मी बुटाची नाडी सोडायला लागलो.

"तिकडं बी कुणीतरी त्याला हुडकीत हिंडत आसंल की रं."

हिंडत होता. त्याचा नाईक त्याच्यासाठी पुन्हा घळीत चढला होता. संध्याकाळी त्या नाइकाला स्ट्रेचरवरून खाली आणलं. जीव वाचला, उजवा पाय गेला. तो घळीत चढत होता तेव्हा त्याचा जवान आमच्या खडकाआड गरम चहा पीत बसला होता. निरोप धाडायला एक माणूस पुरला असता. आपला सापडला या आनंदात मला ते सुचलंच नाही, आणि एवढे दिवस ते मी लढाईच्या माथी मारून मोकळा झालो होतो. आबांना हे मी सांगितलं नाही. त्यांनीही पुढं विचारलं नाही.

दिवस मावळायला आला. कळप माळावरून उतरू लागला. मी चपला घालून जाळीकडं निघालो. आबा काठी टेकत माझ्या पुढं गेले आणि तोंडाशी स्वतःच उभे राहिले.