आफ्रिकेत वाघ नसतो

आमच्या ह्यांनी जन्मभर एकच टोमणा खाल्ला: बारवी धरणाकाठी जन्मला आणि वाघ नाही पाहिला. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. पाड्यावर सगळ्यांना तो कधी ना कधी दिसलेला, माझ्या थोरल्या दिरांना तर भातखाचराच्या बांधावर. हे धावत पोहोचायचे तेव्हा नुसते ठसे.

मग काचबिंदू झाला. नजर कडेकडेने विझत आली, मधे वाटीएवढी उरली. तीही जाणार, असं डॉक्टर म्हणाले. नैरोबीला नोकरी करणाऱ्या लेकीने सरळ तिकिटंच पाठवली. अंबरनाथच्या बुवापाड्यातून आम्ही दोघं थेट आफ्रिकेत, माझ्या पिशवीत चकल्या.

जंगलातल्या पहिल्याच दिवशी हे गाइडला म्हणाले, "टायगर दिखाओ." तो म्हणाला, आफ्रिकेत टायगर नसतोच. गाडीतले सगळे हसले. मला अस्सा राग आला! नाव चुकलं म्हणून माणसाची हौस खोटी होते का?

सिंह दिसले, हत्ती दिसले. ह्यांना त्यांचं काहीच नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी गाडी थांबली. झाडाच्या आडव्या फांदीवर बिबट्या पसरला होता.

"ते बघा, समोर! शेपूट कसं लोंबतंय!" मी म्हटलं. समोर म्हणजे कुठे, तेच त्यांना कळेना. मी त्यांची हनुवटी धरून वळवली, लहान पोराला घास भरवताना वळवतात तशी. तेवढ्यात तो उठला, खोडावरून उतरला आणि गवतात गेला.

"दिसला गो, दिसला!" हे ओरडले. नजर रिकाम्या फांदीवर होती. लेक टाळ्या वाजवत होती. मीही हसले, पण आतून पार तुटले.

परत आल्यावर धरणाकाठच्या पाड्यावर गेलो. दिरांनी विचारलं, "कसा होता रं वाघ?"

"फांदीवर पसरला होता. शेपूट कसं लोंबत होतं!" हे म्हणाले. माझेच शब्द. दिरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. टोमणा संपला.

येताना रिक्षात त्यांनी माझा हात चाचपून धरला. "पण होता ना गो तो तिथं?"

"होता."

"मग बास."

बास कसलं? बदलापूर येईपर्यंत मी रडत होते. आता त्यांना माझा चेहराही दिसत नव्हता, म्हणून पदर न लावता रडले.