चिलापीचा काय दोष

मी कोकणातला आहे, हे मी कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. नाशकात येऊन बावीस वर्षं झाली, इंदिरानगरात फ्लॅट झाला, गाडीचा नंबरही इथलाच. पण मासे म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते. बाजारात गेलो की बर्फात दोन-तीन दिवस झोपून आलेल्या सुरमईचा कल्ला मी बोटाने उचलून बघतो. कल्ल्यात नेमकं काय बघायचं असतं ते मला आजतागायत नीट माहीत नाही. लाल असावा, एवढं ऐकून आहे. मासळीवाला बिचारा माझ्या निकालाची वाट बघत थांबतो. मी न्यायाधीशासारखा म्हणतो, ‘‘दे.’’

एक गोष्ट मात्र मी कधी कोणाला सांगितली नव्हती. मी जन्मात मासा साफ केलेला नव्हता. गावी आई परसात विळी घेऊन बसायची आणि मी अभ्यासाच्या नावाखाली घरात लोळायचो. नाशकात मासळीवाला तुकडे करून पिशवीत घालतो. थोडक्यात, माझी आणि माशाची ओळख थेट ताटातलीच.

बायको बागलाणातली, नामपूरची. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, वायरमन होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. निवृत्त झाल्यावर गावी नदीवर गळ टाकून बसणं एवढा एकच नाद त्यांना होता. सासूबाई गेल्या आणि बायकोने त्यांना आमच्याकडे आणलं. आले ते एक बॅग आणि दोन तुकड्यांत वेगळी होणारी बांबूची काठी घेऊन. पहिला महिनाभर ते घरात असून नसल्यासारखे होते. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायचे. पंखा लावू का, विचारायचे. टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवायचे, की बातम्या देणारी बाई नुसतीच तोंड हलवतेय असं वाटायचं. लेकीशी अहिराणीत बोलायचे, पण मी खोलीत शिरलो की छापील मराठी सुरू. ‘‘जावईबापू, बसावं.’’ अहो, माझ्याच सोफ्यावर मला बसावं!

मग बायकोनेच शोध लावला, की देवळाली कॅम्पाच्या बाजूला दारणा नदी आहे आणि तिथवर बस जाते. एका रविवारी तिने त्यांना गळाला लावायला कणकेचा गोळा करून दिला आणि अक्षरशः ढकलून घराबाहेर काढलं. दुपारी बारा वाजता आबा परत आले ते वेगळेच होऊन. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, चेहऱ्यावर ऊन आणि हातातल्या ओल्या पिशवीत तळहाताएवढ्या पाच चिलापी. महिन्याभरात पहिल्यांदा ते माझ्याशी स्वतःहून बोलले. ‘‘पाच मिळाल्या. सहावी तोंडाशी येऊन गेली.’’

चिलापीला आमच्याकडे कोणी विचारत नाही. धरणात, तळ्यात, नदीत, जिथे पाणी तिथे ती. बाजारात सगळ्यात कडेच्या टोपलीत. मी नाक मुरडलं, पण म्हातारा माणूस एवढ्या हौसेने आणतोय म्हटल्यावर मोठेपणा दाखवायचा ठरवला. आबा कागद पसरून साफ करायला बसतच होते. मी म्हटलं, ‘‘तुम्ही दमलात, राहू द्या. मासे आज माझ्याकडे.’’

बायको मैत्रिणीकडे गेली होती, त्यामुळे मला अडवणारं कोणी नव्हतं. मी सुरी घेतली. खवले उडून फ्रिजवर, मिक्सरवर, माझ्या चष्म्यावर जाऊन बसले. एक तर चार दिवसांनी देवघरात सापडला. आबा हात पाठीमागे बांधून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

‘‘जावईबापू, पोटातून जरा...’’

‘‘आबा, कोकणातल्या माणसाला मासा शिकवता का? जा, टीव्ही बघा तुम्ही.’’

ते गेले. मी आतडी काढली, नळाखाली एकदा धार धरली, कोकम लावलं, रवा लावला आणि तळायला घेतलं. वास तरी झकास सुटला होता.

जेवायला आम्ही तिघं बसलो. पहिला घास घेतला आणि मला विहिरीचा गाळ तोंडात आल्यासारखं झालं. कडू, वर चिखलाचा वास. बायकोने घास गिळला आणि मुकाट्याने वरण ओढून घेतलं. गप्प बसणं एवढंच काम मला होतं. पण गप्प बसेन तर मी कसला? मी म्हणालो, ‘‘चिखल आहे हो हा, निव्वळ चिखल! आबा, राग मानू नका, पण हा काय माणसाने खायचा मासा आहे? मांजरसुद्धा वास घेऊन निघून जाईल.’’ मग पापलेट म्हणजे काय, खाऱ्या पाण्यातल्या माशाची चव म्हणजे काय, यावर मी भात संपेपर्यंत भाषण दिलं. आबांनी आपल्या ताटातला तुकडा काटे वेगळे करून पूर्ण संपवला. म्हणाले, ‘‘नदीचा आहे. असायचंच.’’

पुढच्या रविवारी आबा गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी ऊन फार होतं. तिसऱ्या रविवारी कारणही दिलं नाही. बांबूची काठी वॉशिंग मशीनच्या मागे गेली आणि आबा पुन्हा त्या मुक्या बातम्यांसमोर जाऊन बसले. सकाळी बसायचे ते बायको ‘‘जेवायला चला’’ म्हणेपर्यंत. जेवणही चिमणीएवढं.

एके दिवशी बायकोने मला बाल्कनीत गाठलं. ‘‘आई गेल्यापासून तो माणूस एका गोष्टीसाठी उठत होता. तेवढी तू बंद केलीस. आता ते नामपूरला परत जायचं म्हणताहेत. एकटे. तिथे कोण आहे त्यांचं? पडले-झडले तर मला कळणार तरी कसं?’’

मला उलट रागच आला. मासा वाईट, त्यात माझा काय दोष? मी काय खोटं बोलू? पण रात्रभर बायको पाठ करून झोपली आणि सकाळपर्यंत माझा सत्याचा आग्रह बराच खाली आला. मी आबांजवळ जाऊन म्हटलं, ‘‘ऐकलंय, चिलापी फार पौष्टिक असते.’’ आबा म्हणाले, ‘‘असेल.’’ मी म्हटलं, ‘‘त्या दिवशी फारच वाईट नव्हती तशी.’’ आबा म्हणाले, ‘‘बरं.’’ या ‘बरं’पुढे माणूस काय बोलणार, कपाळ?

शेवटी मी ठरवलं की आपणच चिलापी विकत आणायची, सगळ्यांसमोर मिटक्या मारत खायची आणि विषय मिटवायचा. इंदिरानगरच्या मासळीवाल्याकडे मागायची लाज वाटली. बावीस वर्षांची अब्रू होती तिथे. म्हणून स्कूटर काढून थेट देवळाली कॅम्पाच्या बाजारात गेलो. तिथे एक मुसलमान चाचा मासे विकत होते, मेंदी लावलेली दाढी, समोर लाकडाचा ओंडका. त्यांनी चिलापीचं पोट उघडलं, आतडी काढली आणि मी पिशवी पुढे केली.

‘‘ठहरो साहब,’’ चाचा म्हणाले. ‘‘अभी कहां हुआ?’’

त्यांनी पोटाच्या आतून अंगठ्याने एक काळी कातडी सोलून काढली. पातळ, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. मग मीठ घेऊन पोटाची पोकळी पांढरी होईपर्यंत घासली. ‘‘ये रह गई तो पूरी मच्छी कडवी. मिट्टी का बास मारती. नये लोग छोड देते हैं, और फिर बोलते हैं चिलापी खराब.’’

मी नवे लोक! भर बाजारात, हेल्मेट डोक्यात असताना, माझे कान तापले. पोटातून जरा... पोटातून जरा... आबा दारात उभं राहून हेच सांगत होते. नाचता येईना, अंगण वाकडं. वर अंगणाच्या मालकालाच मी तासभर अंगण कसं असावं ते शिकवलं होतं.

घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि सरळ आबांसमोर जाऊन बसलो. टीव्ही बंद केला.

‘‘आबा, ती काळी कातडी. मी काढली नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तरी कडू तुकडा संपवलात? मी एवढं बोललो, तुम्ही एका शब्दाने सांगितलं नाहीत?’’

आबांनी हातातला रिमोट खाली ठेवला. ‘‘आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत, जावईबापू. मी तर राहायला आलोय. ज्याच्या घरात राहायचं, त्याला त्याच्याच ताटावर चुकलास म्हणून कसं सांगायचं?’’

ते हे रागाने बोलले नाहीत. म्हणूनच मला फार लागलं. एवढे दिवस मला वाटत होतं की मी त्यांच्या माशाचा अपमान केला. खरं तर हा माणूस माझ्या घरात पाहुण्यासारखा अंग चोरून राहत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. उलट ‘बसावं’ म्हणतात म्हणून मी मनातून सुखावत होतो, लाज वाटते सांगायला.

त्या संध्याकाळी मासे आबांनी केले. हळद, मीठ, चिंचेचा कोळ लावून तासभर ठेवले, मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा काळ्या मसाल्याचा रस्सा. आता विचारणाऱ्याला सांगून टाकतो. चिलापी चांगली लागते. पांढरी, घट्ट, किंचित गोडसर, काटेही फारसे छळत नाहीत. ती पापलेट नाही, पण पापलेट असल्याचा आवही आणत नाही. या बाबतीत ती माझ्यापेक्षा बरी. मी तीन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः काठी बाहेर काढली. ‘‘आबा, मला गळ टाकायला शिकवा,’’ म्हटलं. दारणेच्या काठावर तासभर ते ‘‘असं धरावं, जावईबापू, असं फेकावं’’ करत होते आणि मी दोन वेळा दोरी बाभळीत अडकवली होती. शेवटी त्यांनी काठी आपल्या हातात घेतली आणि तेवढ्यात गळाला जबरदस्त ओढ लागली. मी उत्साहाने मदतीला धावलो, त्यांच्या दोरीवर पाय दिला आणि दोरी तटकन तुटली. मासा गेला, गळ गेला, दोरीला बांधलेला बुचाचा तुकडा पाण्यावर एकटाच तरंगत राहिला.

‘‘येडा शे का रे तू?’’ आबा गरजले. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. ‘‘काही अक्कल शे का नही? सरक तिकडे!’’

मी सरकलो. सोळा वर्षांच्या संसारात सासऱ्यांनी मला पहिल्यांदा झापलं होतं, तेही त्यांच्या स्वतःच्या भाषेत. त्यांनी पुढे माफीबिफी काही मागितली नाही. मी चिखलात बसून, दात काढत, कणकेच्या गोळ्या वळत राहिलो.

घरी बायकोने दार उघडलं. ‘‘किती मिळाले?’’

‘‘तीन. चौथा माझ्यामुळे गेला. आबा मला येडा म्हणाले.’’

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. मी पिशवी घेऊन स्वयंपाकघराकडे वळलो. आबा न्हाणीघरात पाय धूत होते. तिथून त्यांनी आख्ख्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात लेकीला हाक मारली.

‘‘त्याले मासासले हात लावू देऊ नको!’’