भिंगरीच्या खांद्यावरचा पुतळा

माझा दादा छापखान्यात कागदाचे गठ्ठे हलवतो आणि घरी आला की मागच्या खोलीत लोखंड उचलतो. उचलतो त्यापेक्षा आपटतो जास्त. वजन डोक्यावर गेलं की तिथूनच सोडून द्यायचं, हा त्याच्यासारख्या वजन उचलणाऱ्यांचा रिवाज. त्यात म्हणे मर्दुमकी असते. फरशा फुटल्या, वहिनीनं जुनी गादी अंथरली, तरी दादाची आदळआपट चालूच.

त्याची मुलगी पळते. लहानपणापासून एका जागी बसणं माहीत नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. तिनं दातांच्या डॉक्टरकडची नोकरी सोडली, चपलांच्या दुकानातली सोडली, ठरलेलं लग्नही मोडलं. दादाचं निदान तयार होतं. "पळणारी माणसं कशातच टिकत नाहीत. वजन उचलणारा पाय रोवून उभा राहतो." आता हाच दादा साहेबाला घाबरून आयुष्यभर एकाच छापखान्यात पाय रोवून उभा आहे, हे मी बोलून दाखवलं की आठवडाभर अबोला. मी स्वतः दोन्हीतलं काही करत नाही, त्यामुळे माझं मत अगदी निःपक्षपाती आहे.

मग भिंगरीनं अग्निशमन दलात अर्ज केला. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती, आणि ही नोकरी तिला मनापासून हवी होती. पळण्याची चिंता नव्हती. पण माणसाएवढा जड पुतळा खांद्यावर घेऊन जिना चढायचा, उतरायचा आणि मैदानातली पांढरी रेघ गाठायची होती. आयुष्यात पहिल्यांदा ती दादाकडे शिकायला गेली. दादाची कॉलर ताठ! पण शिकवलं मात्र जीव तोडून. पाठ सरळ, जोर मांड्यांवर, श्वास कधी धरायचा, कधी सोडायचा. आणि शेवटी, "रेघ आली की दे टाकून. एकदम दिमाखात!"

चाचणीच्या दिवशी आम्ही दोघं कुंपणाबाहेर उभे होतो. तिच्या आधीच्या धट्ट्याकट्ट्या उमेदवारांनी रेघेवर पोचताच पुतळा धाडकन टाकला आणि हात वर केले. चाचणी घेणाऱ्या अधिकारी बाई नुसत्या लिहीत राहिल्या. भिंगरी जिना उतरली तेव्हा तिचे पाय लटपटत होते. रेघ जवळ आली.

"टाक!" दादा ओरडला. "टाक गं!"

ती थांबलीच नाही. पळणाऱ्यांना रेघेवर थांबायची सवय नसते. रेघ ओलांडायची आणि मग हळूहळू वेग कमी करायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. ती तशीच पुढे सावलीपर्यंत गेली, गुडघ्यावर बसली आणि मानेखाली हात धरून पुतळ्याला अलगद निजवलं.

बाईंनी निकाल वाचला. पुतळा आपटलेले सगळे बाद. भिंगरी पास! मी कुंपण धरून चक्क उड्या मारल्या. दादाचा चेहरा मात्र उतरला होता. त्याचं ऐकलं असतं, तर पोरीची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली असती.

ती घामाघूम होऊन बाहेर आली.

"मी टाक म्हणत होतो," तो कसाबसा म्हणाला. "तुला ऐकू नाही आलं?"

"आलं की, बाबा." तिनं खांदा चोळला. "पण एवढा वेळ खांद्यावर होता ना तो. माणूसच वाटायला लागला. टाकवेना मला."