निम्मं टाकायचं

उद्या साक्षात देव समोर येऊन म्हणाला, की बाबा रे, हे जग मी निर्माण केलं, तर माझे चुलत सासरे त्याला खुर्ची देतील, चहा पाजतील आणि मग शांतपणे विचारतील, "हे तुमच्याशिवाय आणखी कोण सांगतं?" आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवून काका रिटायर झाले, पण ती खोड काही रिटायर झाली नाही. डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" म्हणून विचारलं तर म्हणतात, "मला विचारू नका, मी पेशंट आहे. बायकोला विचारा." आणि दाराशी गेलेल्या डॉक्टरांना परत हाक मारून सांगतात, "तिचंही पूर्ण धरू नका, सकाळपासून माझ्यावर रागावलीय." मिसळीच्या दुकानात शिरण्याआधी बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाला गाठतात, आणि तो मालकाचा पाहुणा निघाला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत उन्हात उभे राहतात.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली तीच धक्क्यानं. मी मुरगूडजवळच्या खेड्यातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. मुलगी बघायला कोल्हापुरात आलो तेव्हा पोहे यायच्या आतच सांगून झालं होतं. सगळे माना डोलवत होते. कोपऱ्यातून काका म्हणाले, "हे तुम्हीच तुमच्याबद्दल सांगताय. गावात तुमच्याशी कुणाचं वाकडं आहे का?" मी चाटच पडलो. सोयरीक जुळवताना मुलाच्या वैऱ्याचा पत्ता मागणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघत होतो. आमचं आणि एका चुलत्याचं बांधावरनं जुनं भांडण. मीही हट्टाला पेटून म्हणालो, "चुलता हाय की. जावा, विचारा." काका खरंच गेले! एसटीनं जाऊन थेट त्या चुलत्याच्या सोप्यात बसले. चुलता म्हणाला, "पोरगं हुशार हाय, पण लई घमेंडखोर." काकांनी घरी येऊन निकाल दिला, "वैरी हुशार म्हणतोय, ते पूर्ण धरायचं. घमेंडखोर म्हणतोय, ते निम्मं टाकायचं." उरलेल्या निम्म्या घमेंडीवर माझं लग्न झालं.

हे 'निम्मं टाकायचं' त्यांनी शेवटी स्वतःच्या बापालाही लावलं, आणि तिथं घरात आग लागली.

माझे आजेसासरे, म्हणजे काकांचे वडील, नावाजलेले पैलवान. निपाणीपलीकडच्या एका दांडग्या मल्लाला त्यांनी जत्रेच्या मैदानात चितपट केलं, ही कुस्ती आमच्या सासरी देव्हाऱ्यातल्या देवासारखी. माझे सासरे, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, ती प्रत्येक बारशाला आणि बारशाइतक्याच उत्साहानं बाराव्यालाही करून दाखवायचे. एकदा ऐन पटाच्या डावाला त्यांनी टीपॉय उचलून आपटलं. भिंतीवर म्हाताऱ्यांचा फोटो: डोक्याला फेटा, खांद्यावर गदा. त्यांच्या जन्मशताब्दीला तालमीच्या पोरांनी कमान उभी केली, त्यावर लावायला 'अजिंक्य मल्ल' असा दगड घडवला आणि भाषण काकांकडं दिलं. घरात इतिहासाचा प्रोफेसर असताना बाहेरचा कशाला?

काका म्हणाले, "बोलतो. पण आधी हरलेल्याच्या घरी जाऊन येतो."

सासरे उसळले. "हरल्यालं काय सांगणार हाय तुला?"

"दादा, जिंकलेला तरी काय सांगतो?"

माझ्या मोटारसायकलवर आम्ही निपाणीच्या पलीकडं त्या गावात गेलो. त्या मल्लाच्या नातवानं पाय धुवायला पाणी दिलं, गूळ-शेंगा पुढं ठेवल्या आणि मोठ्या प्रेमानं काकांना म्हणाला, "तुमच्या वडलांचं नाव आमच्यात अजून काढत्यात की, पावणं. आमच्या अज्जानं त्यास्नी आस्मान दाखिवलं, पर म्हणायचं, गडी तोलामोलाचा हुता." माझ्या हातातला गूळ हातातच राहिला. मी रागानं मान वर केली, तर भिंतीवर फोटो. फेटा. खांद्यावर गदा. मागं तोच रंगवलेला तलाव, त्यात तेच हंस. काकांनी चष्मा पुसून गदेला नाक लावलं. "गदेवरचा पोचाही तोच. फोटोवाल्याच्या दुकानातली गदा आहे ही." आणि हा माणूस खुशीत हसला! बाप हातचा चालला होता आणि हा हसत होता.

समारंभात हलग्या थांबल्या, काका उठले आणि म्हणाले, "दोन घरं दोन गोष्टी सांगतात. माझे वडील जिंकले याला आमच्या घरच्यांच्या शब्दापलीकडं पुरावा नाही. ते जिंकलेले असावेत असं मला फार वाटतं, म्हणूनच माझ्यावर विश्वास ठेवू नका." मांडवात एकच गलका उठला, पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. सासऱ्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेले. दगड पोत्यात गुंडाळून तालमीच्या कोपऱ्यात पडला. दोघा भावांची घरं एका गल्लीच्या अंतरावर, पण त्या दिवसापासून बोलणं बंद. दिवाळीचा फराळसुद्धा गेला नाही. सासरे मला म्हणाले, "मेलो तरी त्याला बोलवायचं न्हाय." थकलेला माणूस होता, हे नुसतं तोंडाचं वाटेना.

मी साधा माणूस, पोटात ठेवता येत नाही. काकांना जाऊन तोंडावर म्हणालो, "साऱ्या जगाला विचारता, 'तू तिथं होतास काय?' मग तुम्ही तरी कुठं होता तिथं?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "होतो की."

"होता? मग काय दिसलं?"

"बाबा जिंकलेले दिसले."

"मग हे भाषणात का सांगितलं नाही?"

"सहा वर्षांचा होतो. त्यांचाच मुलगा. आणि खरं सांगू? लहानपणी ते मला धुरकट आठवायचं. आता दरवर्षी जास्त स्वच्छ दिसतंय. आठवण असं करायला लागली, की मला तिची भीती वाटते."

मी तडक सासऱ्यांकडं गेलो आणि सांगितलं, की काकांनी कुस्ती डोळ्यांनी बघितलीय. सासरे मग म्हणाले, "बघणारच की. माझ्याच खांद्यावर बसला हुता. ऐन वक्ताला भ्याला आन् दोन्ही हातांनी माझं डोळं गच्च दाबलं. हात काढलं तवर टोप्या उडाल्या हुत्या."

"म्हणजे तुम्ही...?"

"मला काय बी दिसलं न्हाय, पावणं."

इतकी वर्षं टीपॉय आपटून दाखवलेली कुस्ती या गृहस्थांनी बघितलीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे काठी घेऊन उठले आणि मला म्हणाले, "चला." काकांच्या दारात उभं राहून त्यांनी हाक मारली, "बाळ्या, तू बगितलंस, मी न्हाय. सांग की, काय झालतं?"

मला वाटलं, आता काका पुरावा मागणार. पण त्यांनी भावाला हाताला धरून कॉटवर बसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "धुरळा होता, दादा. मग बाबा उठले, आपल्याकडं पाठ करून. पाठ टेकल्याची माती अशी पाठीला नव्हतीच, थोडी खांद्यावर. पण मी लहान होतो. निम्मं टाक."

सासऱ्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. "टाकलं. आता उरल्यालं निम्मं परत एकदा सांग."

काकांनी परत सांगितलं. या खेपेला खांद्यावरही माती नव्हती. माझ्या ते लक्षात आलं, आणि काकांच्याही. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी काही बोललो नाही.