वळणमास्तरांची मुलगी

सगळे त्यांना वळणमास्तर म्हणत. शाळेत एक दिवस शिकवलं नाही या माणसानं! पण चारही चाकांना ताकद देणारी गाडी वळणावर हट्टानं सरळच पळायला लागली, स्टिअरिंग फिरवूनही नाक बाहेर न्यायला लागली, की शर्यतवाले मास्तरांचं गॅरेज गाठायचे. "मास्तर, वळतच नाही हो ही!" मास्तर हसायचे. "वळवू की तिला."

तीस वर्षं तेच केलं. मागे गाडीला वळणावर कलू न देणारा जाड अँटी-रोल बार, मागच्या चाकांना जास्त ताकद देणारा डिफरन्शियल, पुढची चाकं वरून जरा आत कललेली. त्यांची स्वतःची गाडी तर अशी वळायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. एकच अट. वळणावर अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. उचलला की गाडीचा मागचा भाग गर्रकन फिरणार. मास्तरांचा पाय कधी उचललाच जात नसे, त्यामुळे ही अट दुसऱ्याला सांगावी लागते हेच ते विसरून गेले होते.

आणि एका सकाळी मुलीची गाडी सुरू होईना, तिला कामावर उशीर होत होता, म्हणून या शहाण्यानं आपली किल्ली तिच्या हातात ठेवली. मागचा बार सैल करून गाडी जरा शांत करायला दहा मिनिटं लागली असती. हो, दहाच. बाप चहा पीत बसला होता.

पुलाजवळच्या वळणावर समोरून ट्रक आला. ती घाबरली आणि घाबरलेलं कुणीही करतं तेच तिनं केलं, पाय उचलला. गाडी फिरून कठड्यावर आदळली. कंपनीनं ती गाडी वळायला जरा आळशी ठेवली होती ती अशाच घाबरलेल्या माणसासाठी. मास्तरांनी तो आळस काढून टाकला होता, वर गावभर फुशारकी मारली होती.

मुलीला कमरेखाली काही जाणवेना. डॉक्टर म्हणाले, फारशी आशा धरू नका. मास्तर रोज जायचे, उशी सारखी करायचे, सफरचंद कापायचे. मुलगी रोज एकच बोलायची, "माझंच चुकलं, बाबा. मला गाडीच चालवता येत नाही." पोलिसांच्या कागदावरही तेच होतं, चालकाची चूक. मास्तर मान खाली घालून ऐकायचे. खरं सांगितलं तर पोरगी खचेल, असं बायकोला म्हणायचे. खोटं, साफ खोटं! पोरगी आपल्यापासून तुटेल, हीच भीती होती.

"तिला सांगा," बायको म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

एकोणिसाव्या दिवशी दुपारी त्यांनी सांगितलं. बार, डिफरन्शियल, चाकं, चहा, सगळं. ती छताकडे बघत होती.

"माझी गाडी असती तर?"

"नाक जरा बाहेर गेलं असतं. पाय उचलल्यावर आपोआप आत आलं असतं."

"म्हणजे मी नीट चालवत होते."

"हो गं बाळा."

आता ती रडेल, आपला हात धरेल, असं त्यांना वाटलं. केवढी वेडी आशा!

"एकोणीस दिवस मी स्वतःला दोष देत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे बसून ऐकत होतात. आईला आत पाठवा."

मास्तर बाहेर आले. बायको आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.